तिरप्या गोधडीचा चौथा कोपरा

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी, दोन नवी लुगडी आणि एक गोधडी आली. पेटीचं नि लुगड्यांचं मला काही वाटलं नाही. त्या गोधडीनं मात्र माझा जीव खाल्ला.

कुरखेड्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. त्या गावात तोवर गोधडी म्हटलं की माझंच नाव निघायचं. कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं, कुणाची सून बाळंत होणार असली, की बाया जुनी लुगडी-धोतरं बांधून आमच्या ओसरीवर यायच्या. मी कापडाला कात्री लावत नसे. धागा धरून फाडायची. धाग्यावर फाडलेलं कापड सरळ म्हणजे सरळच. मग एका मापाचे चौकोन, भोवती लुगड्याच्या काठाची दोन बोटं रुंद किनार, आणि वरून धावदोरा असा, की पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत कुठं पोट नाही की वळण नाही. सासू एकदा म्हणाली होती, थोरलीची गोधडी पाहिली की धानाच्या शेतातल्या आखीव बांध्या आठवतात. सासू सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे, म्हणून ते वाक्य मी चांगलं जपून ठेवलं होतं.

धाकटीनं पहिल्याच आठवड्यात आपली गोधडी अंगणात उन्हाला टाकली. मी भांडी घासता घासता पाहिलं. चौकोन होते, किनारी होत्या, पण एकही चौकोन धड उभा नव्हता. एक डावीकडे कललेला, दुसरा उजवीकडे, तिसरा जरासाच, चौथा तर आता पडतो की मग पडतो असा. मी मनात हसले. म्हटलं, घ्या, माहेरी सुई धरायलाही शिकवलं नाही वाटतं. तेवढ्यात माझा मुलगा, चार वर्षांचा होता तेव्हा, गोधडीसमोर जाऊन उभा राहिला आणि खदखदून हसायला लागला.

"आई, पाह्य ना, घरं पडून राह्यली," तो म्हणाला.

मग त्याचा खेळच झाला. हे घर पडून राह्यलं, ते घर पडून राह्यलं, यात माणसं बसली आहेत, त्यातून मांजर पळालं. दुपारचं जेवण त्यानं त्या गोधडीपाशी बसून केलं. संध्याकाळी गारवा आला तशी मी त्याच्यावर माझी गोधडी घातली, तर ती लाथेनं सारून तो काकीच्या खोलीत गेला. त्याला पडक्या घरात निजायचं होतं. माझ्या पोटचा पोर, त्याच्यासाठी मी पोट पुढं आलेलं असताना वाकून वाकून शिवलेली गोधडी, आणि ती जमिनीवर पडलेली. मी ती उचलली आणि घडी केली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण चार वर्षांच्या पोरावर काढणार तरी कशी.

मग बाया यायला लागल्या. आधी नुसत्या पाहायला आल्या. किनारीला हात लावून, आत वाकडं आणि बाहेर सरळ हे कसं काय, म्हणून विचारून गेल्या. महिनाभरात गाठोडीही आली. ओसरी तीच होती, बायाही त्याच. आधी त्या गाठोडं माझ्या खांबापाशी ठेवायच्या, आता धाकटीच्या खांबापाशी ठेवायला लागल्या. एकीनं तर मलाच विचारलं, धाकटी कुठी हाय. मी सांगितलं, सांदवाडीत असंल, मागच्या दारानं जा. जाताना तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून सुपात तोंड घालून बसले.

खोटं कशाला बोलू, मी चोरून शिकले. ती ओसरीवर बसली की मी तांदूळ निवडायला घ्यायची आणि तिरक्या नजरेनं तिच्या हातांकडे पाहायची. तिची तऱ्हा अशी होती. आधी एक लहानसा चौकोन घ्यायचा आणि त्याच्या चारी बाजूंना काठाच्या चांगल्या रुंद पट्ट्या शिवायच्या. इथवर माझ्यासारखंच, फक्त शिवण संपली की ती शेजारी शेजारी दोन गाठी घालायची. मग ती कात्री घ्यायची आणि तो शिवलेला सगळा तुकडा पुन्हा कापायची, पण तिरपा. बाहेरची कड नव्यानं सरळ चौकोनी व्हायची आणि आतला चौकोन कलून बसायचा. माप नाही, दोरी नाही, खडू नाही. तुकडा हातात फिरवायचा, डोळा बारीक करायचा, आणि कात्री चालवायची. गोंडपिपरीला तिच्या माहेराशेजारी एक शिंप्याचं घर होतं. त्या घरच्या चाचीनं दुकानातल्या कात्रणांवर तिला हे शिकवलं, असं ती सगळ्यांना सांगायची. लपवाछपवी तिच्यात नव्हतीच, आणि त्याचाही मला राग यायचा.

या कापाकापीत प्रत्येक तुकड्यामागे चार कोपरे वाया जायचे. चांगल्या काठाचे, त्रिकोणी. माझ्या हातून वीतभर दोरा जास्त गेला तर दिवसभर बोलणारी माझी सासू ते त्रिकोण वेचून एका थैलीत भरायची आणि म्हणायची, राहू दे, उशीत घालता येतील. उशीत! 

एकदा धाकटी दोन दिवसांसाठी शेतावरच्या झोपडीत राहायला गेली, तेव्हा मी हात घातला. जुन्या हिरव्या लुगड्याचे चौकोन, लाल काठ. आयुष्यात पहिल्यांदा मी तिरपी कात्री चालवली. पहिल्या तुकड्यात चौकोन सरळ राहिला आणि किनारच वाकडी झाली. दुसऱ्यात जरा जमलं. मग मला धीर राहीना, म्हणून मी बोटांनी माप धरलं, दोन बोटं इकडे, चार बोटं तिकडे, आणि सगळे तुकडे त्याच मापानं कापले. सोळा चौकोन एकाच बाजूला, एकसारखे कलले. जोडून पाहिले तर त्यात गंमत म्हणून काही नव्हती. वरून ती गोधडी जमिनीवर सपाट बसेना. मधे फुगायची. दाबलं की दुसरीकडे फुगायची. नवऱ्यानं येता येता पाहिलं आणि विचारलं, हे असं काऊन झालं. मी म्हटलं, व्हायचं होतं म्हणून झालं. ती वस्तू मी धानाच्या कोठीमागे दडपून टाकली.

ती धाकटीलाच सापडली. कोठीमागे झाडायला गेली होती. घेऊन आली, अंगणात पसरली, हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. तिनं एक कड बोटात धरून दाखवली आणि म्हणाली, तिरप्या धारेचं कापड ओढलं का सैल पडते बाई, त्याले ओढायचं नाई, नुसतं ठेवायचं आणि टाका घालायचा. मग बसून तिनं चार तुकडे उसवले आणि पुन्हा जोडून दिले. ते सपाट बसले. मी सासूला पाणी तापवून द्यायचं आहे म्हणून उठून गेले. चुलीपाशी बसून रडले. शिकवत होती मला ती. लग्न होऊन वर्ष झालेली पोरगी मला टाका शिकवत होती.

त्याच वर्षी तिला दिवस राहिले. आता इथं आमच्या घरची एक चाल सांगायला हवी. बाळाची गोधडी शिवणारी बाई तीन कोपरे बंद करते, चौथा उघडा ठेवते. घरातल्या थोरल्या सवाष्णीनं त्यात हळद लावलेले तांदळाचे दाणे घालायचे आणि तो कोपरा शिवून टाकायचा. गोधडीचं पोट भरलेलं असलं की लेकराचंही भरलेलं राहतं, दूध कमी पडत नाही, असं आमच्याकडे मानायचे. गोधडी उपाशी राहिली तर लेकरू उपाशी राहतं, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. माझ्या मुलाच्या गोधडीचा चौथा कोपरा सासूनं बंद केला होता. आता सासूला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तेव्हा तो मान माझ्याकडे आला.

दसरा झाला आणि धाकटीचा भाऊ तिला बाळंतपणासाठी न्यायला आला. लांबचा प्रवास होता. बैलगाडीनं वडशापर्यंत, तिथून छोट्या रेल्वेनं नागभीड, पुढं चांदा, आणि मग गोंडपिपरी. गाडी दारात उभी होती. मी तिची ओटी भरली. खण, नारळ, हळकुंड आणि पसाभर तांदूळ. माझ्या हातानं भरले, रीतीप्रमाणे. तिनं वाकून नमस्कार केला आणि मग ती गोधडी माझ्या पुढ्यात आणून ठेवली, वर एका वाटीत हळदीचे दाणे.

काय सांगू त्या गोधडीचं. सासूचं जुनं जांभळं लुगडं, माझं एक पिवळं, तिचं स्वतःचं लाल. पंचवीस लहान लहान चौकोन, प्रत्येक आपल्या मर्जीनं कललेला, प्रत्येकाला वेगळ्या काठाची किनार. मी इतकी चांगली वस्तू तोवर पाहिली नव्हती आणि ती माझी नव्हती.

"कोपरा तुमीच बंद करा बाई," ती म्हणाली. "तुमच्यासारखा सरळ टाका मले येत नाई."

सासू बाजूला बसली होती. ती म्हणाली, बरोबर आहे, बंद करायला थोरलीचाच हात बरा. तिच्या मनात काही नसेल, पण माझ्या कानात ते वेगळंच शिरलं. बंद करायला मी. बाकी सगळं करायला ती. तरी मी गोधडी घेऊन आतल्या खोलीत गेले, सुई ओवली. तेवढ्यात बाहेरून माझ्या मुलाचं भोकाड ऐकू आलं. तो गाडीचं चाक धरून उभा होता. त्याला काकीसोबत जायचं होतं. बापानं उचललं तर हातपाय झाडत होता, आणि रडता रडता ओरडत होता, आई नाई पाह्यजे, काकी पाह्यजे.

मी वाटी उचलली. मागचं दार उघडलं आणि दाणे सांदवाडीत फेकले. कोंबड्या धावल्या, त्यांनी ते बघता बघता टिपले. मग मी आत येऊन बसले आणि तो कोपरा रिकामाच शिवला. जन्मात घातले नसतील इतके नीट टाके घातले. शेवटी दोरा आत ओढून गाठ दडवली, माझी गाठ कधी वर दिसत नसे. तळहात पिवळा झाला होता, तो लुगड्याला पुसला. बाहेर जाऊन गोधडी तिच्या हातात दिली. तिनं ती छातीशी धरली आणि गाडी निघाली. गाडी रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत माझा मुलगा रडत होता.

पहिले चार दिवस मला बरं वाटलं. हो, वाटलं. घरात माझंच राज्य होतं, एक गाठोडंही माझ्या खांबापाशी आलं. मग हळूहळू तो कोपरा डोक्यात शिरला. धान कापणीला आलं, बांधीत वाकले की मनात यायचं, आता सातवा सरला, आता आठवा लागला. पुरुष ओसरीवर बसून बोलायचे, आपला जिल्हा आता मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, आता कचेऱ्या कुठं, कारभार कुठं. मला त्या बोलण्यातलं काही ऐकू येत नसे. गोंडपिपरी कोणत्याही राज्यात गेली असती तरी माझ्या हाताच्या अंतरावर नव्हती. गोधडी इथं असती तर एका दुपारी चार टाके उसवून मोकळी झाले असते.

मार्गशीर्षात पत्र आलं. दिरानं ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं. मुलगी झाली. आई बरी आहे. पण पोट्टी अंगानं बारीक आहे आणि दूध धरत नाही.

सासूनं देवापुढं दिवा लावला. मी चुलीपुढं बसले होते, भात लागला तरी मला कळलं नाही. पुढं दोन महिने माझं असंच चाललं. मला सांगून टाकावंसं वाटायचं. सासूच्या पायाशी बसायची, तेल लावायची, तोंड उघडायची, आणि भलतंच काही विचारायची. मनात म्हणायची, असल्या चालीरीती कुणी पाहिल्या आहेत, दाण्यांनी कुठं दूध येतं. पुन्हा म्हणायची, मग स्वतःच्या पोराच्या वेळी सासूच्या हाताकडे डोळे लावून का बसली होतीस. मी माझ्या जेवणातला पहिला घास बाजूला काढून कोंबड्यांना टाकायला लागले. कशासाठी, ते मलाच माहीत नव्हतं. दुसरं पत्र आलं नाही. तिच्यावर जळत होते ते जळणं मात्र त्याही दिवसांत कमी झालं नाही, हे मी मुद्दाम सांगते. भीती होती आणि जळणंही होतं, दोन्ही एका ताटात.

माघ सरता सरता गाडी दारात आली. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. ती उतरली, भावाच्या हातून गाठोडं घेतलं, आणि गाठोड्यातून एक पाय बाहेर आला. गुटगुटीत, वळ्या पडलेला. पोट्टी चांगली गरगरीत होती. सासूनं तुकडा ओवाळून टाकला. माझा मुलगा पळत येऊन काकीला बिलगला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला ओढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोधडी धुवायची म्हणून मी मागून घेतली. धाकटी म्हणाली, मी धुते बाई. मी म्हटलं, तू ओली बाळंतीण, बस तिथं. गोधडी घेऊन सांदवाडीत आले. चौथा कोपरा चिमटीत धरला आणि माझा हात तिथंच राहिला.

आत दाणे होते.

मी बोटांनी चाचपले. एक, दोन, पाच, सात. टाके पाहिले, तर माझेच. तेच अंतर, तीच सरळ रेघ. क्षणभर वाटलं, आपल्यालाच भ्रम झाला होता, आपण दाणे टाकलेच नसतील, घातले असतील. इतका जीव हलका झाला की मी दगडावर बसले. मग कोपरा उलटा करून पाहिला. शिवण संपते तिथं, किनारीला लागून, दोन बारीक गाठी होत्या, शेजारी शेजारी. माझी गाठ कधी दिसत नाही. शेजारी दोन गाठी घालायची सवय त्या घरात एकीलाच होती.

मान वर केली तर ती मागच्या दारात उभी होती, पोट्टी खांद्यावर.

"तुले माहीत होतं," मी म्हटलं.

"गाडीतच हात लागला बाई. वाटलं, घाईत राह्यलं असंल." ती पोरीच्या पाठीवर थोपटत होती. "नागभीडले रेल्वे लय वेळ थांबली. तिथंच एकीची सुई मागून उसवलं आन् घातले."

"दूध धरत नव्हती म्हणे."

"आठ दिवस. मग धरलं."

"तांदूळ कुठले?"

"तुमीच भरले होते ना ओटीत. तेच घातले. तुमच्याच हातचे पाह्यजेत ना."

 मागच्या दारात कोंबड्या फिरत होत्या. त्यांच्याकडे तिनं पाहिलं की नाही, मला माहीत नाही. घाईत राहिलं असं तिला खरंच वाटलं होतं, की मला वाचवायला ती तसं म्हणाली, हे मी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही नाही. तिनं ही गोष्ट सासूला सांगितली नाही, नवऱ्याला नाही, भांडणातही कधी काढली नाही. आणि आम्ही भांडलो पुष्कळ.

ती आत गेल्यावर मी तो कोपरा पुन्हा हातात घेतला. रेल्वेच्या बाकावर बसून, पोटात लेकरू हलत असताना, उसन्या सुईनं घातलेले टाके. मी त्यावरून नख फिरवलं. कुठं पोट नाही, कुठं वळण नाही. मले सरळ टाका येत नाई, असं तीच म्हणाली होती ना, माझ्यासमोर, सासूसमोर. तो टाका माझ्या टाक्यापेक्षा सरळ होता. तिला सरळही येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं, आणि माझ्यासाठी तिनं ते येत नाही म्हणून सांगितलं होतं.

मी गोधडी धुतली, पिळली, वाळत घातली. तो कोपरा आत दुमडून घातला, कुणाला दिसू नये म्हणून. आज इतकी वर्षं झाली, त्या टाक्याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही.